डब्यातली चौथी पिन

संपादकांचं पत्र आलं, "आपण हवाई दलात होता, तर अंकासाठी एखादा थरारक अनुभव पाठवावा." मी चार दिवस थरार आठवत बसलो. शेवटी बायको म्हणाली, "कशाला डोकं खाजवताय? तुमचा तो चिमणीचा अर्ज लिहा की." तिच्या मते माझ्या तेवीस वर्षांच्या नोकरीत सांगण्याजोगं तेवढंच घडलं. तिचं अगदीच चूक नाही. चिमणीचं सांगतोच, पण मला लिहायचं आहे ते दुसऱ्याच दोन माणसांबद्दल. ते दोघंही आता नाहीत, म्हणून लिहायला हरकत नाही. नावं मात्र बदलली आहेत.

मी आर्मरर होतो. आर्मरर म्हणजे विमानाला बॉम्ब अडकवणारा माणूस. वैमानिक वर जातो, त्याचा फोटो पेपरात येतो. आर्मरर खाली राहतो आणि जेवताना त्याच्या हाताला ग्रीसचा वास येतो. लोकांना वाटतं बॉम्ब टाकला की फुटतो. तसं नसतं. बॉम्बच्या शेपटीला एक लहानसा पंखा असतो. बॉम्ब सुटून खाली जाताना वाऱ्यानं तो पंखा गरगरतो, ठरलेले फेरे पुरे झाले की बॉम्ब जागा होतो, आणि मग जमिनीला टेकताच फुटतो. विमानाला टांगलेला असताना पंख्याला विमानाची एक तार धरून ठेवते. जमिनीवर असताना ते काम पिन करते. ही पिन म्हणजे बोटभर पितळी तार, मागे कडी. विमान निघायच्या आधी आर्मररनं पिन उपसायची आणि पत्र्याच्या डब्यात टाकायची. चार बॉम्ब, तर डब्यात चार पिना. मोजायच्या आणि वहीत सही ठोकायची. डब्यात एक कमी भरली, तर ती बॉम्बातच राहिली असं समजायचं. तसला बॉम्ब पडतो, पण धोंड्यासारखा.

एवढं ध्यानात ठेवलंत की आमचा सगळा धंदा तुम्हाला समजला. बाकीचं सगळं ओझं उचलणं.

आमची स्क्वॉड्रन दुसऱ्या महायुद्धात उभी राहिली. दोन माणसांची बॉम्बर विमानं घेऊन ती ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर लढली. लढाई संपल्यावर मोठी विमानं आली, मग जेट आली. मी भरती झालो तो जेटच्या अलीकडे. आणि मग एके दिवशी आमची सगळी विमानं गेली. त्यांच्या जागी आली शत्रूची विमानं पाडणारी क्षेपणास्त्रं. एसटीच्या गाडीपेक्षा लांब, आभाळाकडे तोंड करून गाड्यावर निजलेली. वैमानिक दुसरीकडे गेले, छातीवर पंखांचं चिन्ह असलेला एक साहेब तेवढा शोभेला राहिला. आम्हा आर्मररांना पुन्हा शाळेत बसवलं आणि सांगितलं की आता हेच तुमचं विमान. फरक एवढाच की हे एकदाच उडतं आणि परत येत नाही. ते उडायची वेळ येऊ नये म्हणूनच सरकार ते ठेवतं. आमचं काम म्हणजे ते रोज पुसायचं, तपासायचं, सकाळी गाडा एकदा गोल फिरवायचा, आणि त्यात भरायच्या तेजाबाची टाकी हाताळताना पायापासून डोक्यापर्यंत रबराचा अंगरखा घालून उन्हाळ्यात शिजायचं.

सुट्टीवर सोलापूरला आलो की मामा विचारायचे. मामा कापडगिरणीत जॉबर, म्हणजे मागवाल्यांचे मुकादम. "मग, किती सोडली औंदा?"

"एकही नाही, मामा."

"मागल्या साली?"

"नाही."

"सात वर्सांत एकबी न्हाय?" मामा विडी विझवून माझ्याकडे नीट बघायचे. "म्हंजे माग रोज पुसायचा, तेल घालायचं, आन् कापड वारभर काढायचं न्हाय. आन् पगार चालू. आमच्या मालकाला कळलं तर त्यो रडंल की."

एकाहत्तरच्या लढाईतसुद्धा आमच्या आभाळात कोणी आलं नाही. तेरा दिवस आम्ही बूट न काढता बसलो होतो. एकदा रडारच्या पडद्यावर ठिपका आला. तो हळूहळू सरकला, पसरला, आणि करकोच्यांचा थवा निघाला. मी हे मामांना कधीच सांगितलं नाही.

आता चिमणी. तिनं एका गाड्याच्या सांध्यात घरटं केलं, आत तीन अंडी. गाडा फिरवला तर अंडी फुटणार. मी आमच्या एका तरुण साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, कोणत्या नियमानुसार फिरवायचा नाही ते लिहून द्या. मी इंग्रजीत पानभर अर्ज लिहिला. त्यात चिमणीचा उल्लेख 'पक्षी, लहान, एक' असा केला. अर्ज वर गेला, शेरा मारून खाली आला, पुन्हा वर गेला. मंजुरी हातात पडली तेव्हा पिल्लं उडून गेली होती. पण त्या अर्जामुळे माझं इंग्रजी आणि अक्षर आमच्या कमांडिंग ऑफिसरांच्या, म्हणजे सीओसाहेबांच्या, नजरेत भरलं. पुढचं सगळं त्या चिमणीमुळे झालं.

एकाहत्तरची लढाई होऊन तीनेक वर्षं झाली असतील. स्क्वॉड्रनचा वर्धापनदिन मोठा करायचं ठरलं. सीओसाहेबांनी मला बोलावलं आणि स्क्वॉड्रनचा इतिहास लिहून काढायला सांगितलं. मी म्हटलं, सर, मी आर्मरर आहे. ते म्हणाले, चिमणीवर पानभर लिहिलंस, स्क्वॉड्रनवर चाळीस पानं लिहायला काय होतं.

महायुद्धातली रोजनिशी एका लाकडी पेटीत होती. वाळवीनं निम्मी खाल्लेली. तीन महिने तर पार गायब. उरलेल्या पानांत आर्मररांची एक यादी सापडली. त्यात दोन नावं होती: बसप्पा, गाव मंद्रूप, जिल्हा सोलापूर. यशवंत, गाव मोडनिंब, जिल्हा सोलापूर. माझ्याच जिल्ह्यातले दोन आर्मरर माझ्या आधी त्याच स्क्वॉड्रनमध्ये होते आणि मला पत्ता नव्हता. मी खुशीत पान उलटलं. पुढच्या पानावर लिहिलं होतं, की कॉर्पोरल यशवंत यानं पिन न काढता बॉम्ब पाठवला, बॉम्ब फुटला नाही, सबब त्याच्या बाहीवरच्या दोन फिती काढून त्याला अठ्ठावीस दिवस कोठडी देण्यात येत आहे.

आर्मररला याहून मोठी लाज नाही. स्वयंपाक्यानं मीठ विसरावं तसं हे नव्हे. खाली आपली फौज बॉम्ब फुटायची वाट बघत असते.

मी रजा टाकली आणि सोलापूरला आलो. मंद्रूपला गेलो तो बाजाराचा दिवस निघाला. मिरचीच्या ढिगाशी बसलेल्या एका माणसाला 'मिल्ट्रीवाले बसप्पा' विचारलं. त्यानं मान न वळवता बोटानं घर दाखवलं.

बसप्पा साठीकडे झुकलेले, कपाळाला भस्माचे पट्टे, अंगावर खादीची बंडी. मी कोण ते कळल्यावर त्यांनी टाचा जुळवून कडक सलाम ठोकला आणि मग स्वतःच हसले. त्यांच्या बायको नीलव्वा. त्या घरात त्यांच्याशी कानडी बोलत आणि माझ्याशी मराठी. बसप्पांनी मला दोन तास जळवा, खेचरं, डब्यातलं मटण आणि एका गोऱ्या सार्जंटाचे दात यांबद्दल भरभरून सांगितलं. फक्त मी त्या शिक्षेच्या पानावर आलो की ते चहा मागवत. तिसऱ्या कपाला नीलव्वा आतूनच बोलल्या, "आवो, पावण्यास्नी किती च्या पाजताय? त्येंनी इचारत्यात त्ये सांगा की."

त्या उंबऱ्याशी बसून परकराच्या नेफ्यात नाडी ओवत होत्या. नाडी एका पितळी तारेच्या कडीला बांधली होती आणि तार नेफ्यातून सरकवत होत्या. मी सहज बघितलं. आमच्या धंद्यातला माणूस बायकोचं मंगळसूत्र एखादे वेळी ओळखणार नाही, पण पिन ओळखतो.

"मावशी," मी म्हटलं, "ही कुठली?"

"ही व्हय? लगीन होऊन आले तवा ह्येंच्या पेटीत घावली. टाकून द्या म्हनलं तर देईनात. मग मी कामाला लावली. नाडी वडायला लई झ्याक हाय."

बसप्पांनी कप खाली ठेवला. कपात चहा होता तो बशीत सांडला.

"शिक्षा झाली त्या दिवशीची का?" मी विचारलं.

"हौदु," ते म्हणाले. मग मराठीत, "व्हय."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. विमानाला चार बॉम्ब. पोटातले दोन येसूचे, म्हणजे यशवंताचे, पंखाखालचे दोन बसप्पांचे. ज्यानं त्यानं आपापल्या पिना उपसून डब्यात टाकायच्या. येसू कॉर्पोरल, म्हणून सही त्याची. त्या सकाळी घाई होती. येसू पोटाखाली असताना वैमानिकानं त्याला मध्येच हाक मारून काही विचारलं, तो परत आला, काम पुरं केलं आणि डब्यात न बघता वहीत चार लिहून सही केली. रोज चारच असायच्या. दुपारी निरोप आला की ढगांमुळे बॉम्ब चुकीच्या टेकडीवर पडले. त्या टेकडीवर आपलीच माणसं होती. तीन बॉम्ब उतारावर पलीकडे जाऊन फुटले. चौथा खंदकापासून पाच पावलांवर पडला आणि फुटला नाही.

डबा उघडला. तीन पिना.

"मला इचारलं, तुज्या दोन टाकल्यास का? मी म्हनलं, टाकल्या. शप्पत घिऊन म्हनलं. मला तसंच वाटत हुतं. येसूला इचारलं, तर त्यो म्हनला, मला साहेबानं मदीच बोलावलं, एक ऱ्हायली आसंल. त्यानं लगीच कबूल केलं. आठ दिसांनी मी नदीवर कापडं धूत हुतो. त्या दिशीच्या शर्टाच्या खिशात ही."

"मग सांगितलं नाहीत?"

"तोवर येसूला दुसऱ्या ठाण्यावर नेलतं कोठडीत. आन् मी शप्पत घेतल्याली. खोट्या शप्पतंला काय शिक्षा हाय ती मला ठावं हुती. भ्यालो. दुसरं काय न्हाय. मंद्रूपास्नं मोडनिंब काय लांब न्हाय, सोलापुरात गाडी बदलली की झालं. तीस वर्सांत मी त्या बाजूची गाडी धरली न्हाय."

पिन हातात होती, म्हणजे ती बॉम्बात नव्हती. बॉम्ब व्यवस्थित तयार करून पाठवला होता. तो फुटला नाही याची इतर पन्नास कारणं असू शकतात. तिकडच्या दमट हवेत पंखे गंजून अडकत, हे आम्हाला शाळेत शिकवलेलं. येसूनं काहीच विसरलेलं नव्हतं. ज्या चुकीसाठी त्याच्या फिती गेल्या, ती झालीच नव्हती. आणि त्याचा पुरावा तीस वर्षं मंद्रूपात परकराच्या नाड्या ओवत होता.

नीलव्वांनी कडीची गाठ सोडली. पिन पदरानं पुसली आणि नवऱ्यासमोर ठेवली. हे सगळं त्याही पहिल्यांदाच ऐकत होत्या. मग मला विचारलं, "मोडनिंबाला जायाची गाडी कवा हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं निघालो. नीलव्वांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती. बसप्पांनी वाटेत भाकरीला हात लावला नाही, मी मात्र निम्मी संपवली. मी मोठ्या उमेदीत होतो. एका निरपराध आर्मररचं नाव धुऊन निघणार, इतिहासात सोनेरी पान लिहिलं जाणार, आणि ते लिहिणार मी. सीओसाहेब काय म्हणतील, याची वाक्यंसुद्धा मी इंग्रजीत जुळवत होतो. दुसऱ्याच्या दुःखात आपली हुशारी बघायची खोड तेव्हा मला फार होती.

मोडनिंबात हमरस्त्याला लागून येसूअण्णांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. गावात त्यांना बॉम्बआण्णा म्हणत. मला वाटलं, खिजवायला म्हणत असतील. दुकानात एक गिऱ्हाईक सायकल उलटी करून बसलं होतं आणि येसूअण्णा ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. बसप्पांना त्यांनी आधी ओळखलंच नाही. ओळखल्यावर ओले हात तसेच त्यांच्या गळ्यात टाकले.

"बश्या, मेला न्हाईस व्हय अजून?"

माझी ओळख झाली. स्क्वॉड्रनचा इतिहास लिहितोय म्हटल्यावर अण्णांचा चेहरा उजळला. "मग माझी गोष्ट घ्यायला आला आसशिला." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी सुरुवात केली. गिऱ्हाइकानं ती वीसदा ऐकली असावी, तरी ते सायकल सोडून सरसावून बसलं.

तीच सकाळ, तेच चार बॉम्ब, तेच ढग. फक्त अण्णांच्या तोंडून ती वेगळीच ऐकू येत होती. "मला साहेबानं हाक मारली, आन् मी एक पिन इसरलो. मी इसरलो म्हनून त्यो बॉम फुटला न्हाय. खंदकात बावीस माणसं हुती. मला कोठडीत घातलं, तर चौथ्या दिशी खिडकीतनं एक हात आत आला. हातात गुळाचा खडा. भायेर पायदळातला एक नाईक हुबा, साताऱ्याकडचा. म्हनला, 'इसरला त्यो तूच का?' म्हनलं, 'मीच.' म्हनला, 'तू इसरलास म्हनून मी हाय. तोंड ग्वाड कर.'"

अण्णांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "फिती गेल्या. गावात आल्यावर लोक हसले. मग लढाईनंतर दोन सालांनी त्यो नाईक हितं हुडकत आला. घोंगडं घिऊन, नारळ घिऊन. ह्या रस्त्यावर सगळ्यांच्या देखत माझ्या पाया पडला. तवापासनं कोण हसत न्हाय. दर दिवाळीला त्याचं कार्ड येतं. औंदा नातू झाला म्हनून लिवलंय."

मी बसप्पांकडे बघितलं. त्यांचा हात बंडीच्या खिशात होता. मी डोळ्यांनी त्यांना खुणावलं की राहू द्या. खरंच खुणावलं. येताना जुळवलेली माझी सगळी इंग्रजी वाक्यं एकदम पोकळ वाटू लागली होती. पण तीस वर्षं दाबलेलं माणूस माझ्या एका खुणेनं कसं थांबणार? त्यांनी पिन काढली आणि पंक्चरच्या पेटीवर ठेवली.

अण्णांनी ती उचलली. कडीवरून बोट फिरवलं. जुना आर्मरर, त्यांना सांगावं लागलं नाही.

"कुटं घावली?"

"माझ्या खिशात."

"कवा?"

"तुला नेल्यावर. आठव्या दिशी."

अण्णांनी गिऱ्हाइकाला म्हटलं, "तू संध्याकाळी ये." ते गेल्यावर त्यांनी पुन्हा ट्यूब पाण्यात बुडवली. बुडबुडे येत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

"म्हंजे मी इसरलो न्हाय."

"न्हाय, येसू. तू निर्दोष हाईस. मी ह्या साहेबांस्नी सांगितलंय, ते तसं लिवणार हाईत. तुज्या फिती…"

"मग त्यो बॉम का फुटला न्हाय?" हे त्यांनी मला विचारलं.

मी दमट हवा, गंज, अडकलेला पंखा असं काहीतरी सांगितलं. बोलताना माझी मलाच लाज वाटत होती.

"म्हंजे आपसुकच," अण्णा म्हणाले. "कुणीच काय केलं न्हाय." मग त्यांनी बसप्पांकडे बघितलं आणि त्यांचा आवाज चढला. "बश्या, तू माझी शिक्षा परत न्यायला आलास व्हय? ने की. अठ्ठावीस दिस ने, फिती ने, गावानं केलेलं हसं ने. पर माझी चूक कशाला नेतोस? तेवढीच एक कामाची गोष्ट माझ्या हातनं झाली हुती जन्मात. आता त्या नाईकाला मी काय लिवू? तुला कुणी वाचवलं न्हाय, गंजानं वाचवलं, आसं लिवू?"

मी म्हटलं, "अण्णा, पण इतिहासात खरं लिहायला पाहिजे."

"इतिहास तुमचा हाय, साहेब. चूक माझी हाय. मी इसरलो. वहीत तसंच हाय न्हवं?"

"आहे."

"मग वहीत हाय तसं लिवा." त्यांनी पिन बसप्पांच्या हातात दिली. "ही घरी ने. वैनीला कामाला यील."

नाडीचं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. कुठल्याही घरात असली तार याच कामाला येते, एवढंच.

परतताना बसप्पा एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले. सोलापूर जवळ आल्यावर म्हणाले, "त्यानं मला मारलं आसतं, चार शिव्या दिल्या आसत्या, तर बरं झालं आसतं." मला त्यांची फार दया आली आणि त्यांना तिथं नेल्याबद्दल स्वतःचा रागही. आम्ही नाव धुवायला गेलो होतो आणि एका माणसाच्या आयुष्यातली एकुलती एक कमाई त्याच्यासमोर उधळून आलो होतो. बसप्पांना माफीही मिळाली नव्हती, कारण अण्णांनी गुन्हाच त्यांच्या नावावर करून दिला नव्हता.

इतिहास मी लिहिला. यशवंताचं पान वहीत होतं तसं घातलं आणि खाली एक ओळ वाढवली की सदर बॉम्ब आपल्याच सैन्याच्या खंदकाजवळ पडला, जीवितहानी नाही. सीओसाहेबांनी तांबड्या पेन्सिलीनं सगळ्या परिच्छेदावर रेघ मारली. "समारंभाच्या पुस्तकात शिक्षा कशाला?" मी म्हटलं, सर, चाळीस पानांत कुणीतरी काहीतरी वाचवल्याचं एवढं एकच पान आहे. त्यांनी परिच्छेद पुन्हा वाचला. मग रबरानं रेघ खोडली आणि म्हणाले की तुझी क्षेपणास्त्रं पण काहीतरी वाचवतातच, तेही लिही. मी तेही लिहिलं. मामांना पुस्तक दाखवलं, तर त्यांनी फोटोतल्या क्षेपणास्त्राचीच विचारपूस केली, "आजून हितंच हाय न्हवं हे?"

दोन प्रती मी मंद्रूप आणि मोडनिंबला पाठवल्या. नंतरच्या पंधरा ऑगस्टला मी सुट्टीवर होतो. मोडनिंबच्या शाळेत झेंडावंदनानंतर अण्णांचं भाषण असे, दरवर्षी तेच. या वर्षी छापील पुस्तक आलेलं म्हणून मलाही बोलावणं होतं. गेलो, तर पाहुण्यांच्या खुर्च्यांत शेवटच्या खुर्चीवर बसप्पा. नीलव्वांनी धाडलं होतं म्हणे. तुम्ही जाऊन नुसते बसा, बोलू नका, सुम्न कुंद्री, असं बजावून. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं होतं, पण दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

गोष्ट नेहमीसारखी चालली. ढग आले, हाक आली, पिन राहिली. तेवढ्यात विज्ञानाचे नवे गुरुजी उभे राहिले. तरुण, चष्मा, हेतू अगदी चांगला. म्हणाले, "अण्णा, एक शंका आहे. पिन राहिली म्हणूनच बॉम्ब फुटला नाही, हे कशावरून? कधीकधी बॉम्ब मुळातच सदोष असू शकतो. मग तुम्ही विसरला नसाल, असंही होऊ शकतं ना?"

एवढी हुशार शंका त्या शाळेत पूर्वी कुणी काढली नसावी. अण्णा बोलायचे थांबले. वर्षभरापूर्वी हा प्रश्न आला असता तर त्यांनी हसून उडवला असता. आता त्यांना उत्तर माहीत होतं. मुलं त्यांच्याकडे बघत होती, हेडमास्तर बघत होते. मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो.

मागून बसप्पा उठले. टाचा जुळवल्या.

"गुरुजी, मी त्या दिशी शेजारीच हुतो. त्याच इमानाला हुतो. डब्यात तीनच पिना हुत्या. साहेबानं उघडला तवा मी माझ्या डोळ्यांनी मोजल्या. माझ्या दोन मी काढल्या हुत्या, शप्पत घिऊन सांगतो. ह्योच इसरला."

गुरुजींचं समाधान झालं. साक्षीदार प्रत्यक्ष हजर म्हटल्यावर विज्ञान तरी आणखी काय मागणार. ते बसले. अण्णांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, मंचावरून खाली उतरून मागच्या खुर्चीपर्यंत गेले, आणि बसप्पांच्या दंडाला धरून त्यांना सगळ्यांपुढे आणून उभं केलं.

"पोरांनो," ते म्हणाले, "ह्यो माझा जोडीदार बसप्पा, मंद्रूपचा. ह्यो कवा खोटं बोलत न्हाय."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. बसप्पा मान खाली घालून उभे होते आणि अण्णांनी त्यांचा दंड सोडला नव्हता.